बंदी प्रत्यक्षीकरण फेटाळल्यानंतर

प्रति,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पुणे

विषय : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बंदिवानांची अपिले

बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली, म्हणून बंदिवानाचे सगळे दरवाजे बंद होत नाहीत. याचे जुने उदाहरण मुंबईचेच आहे. भारत संरक्षण नियमांतील नियम 26 खाली स्थानबद्ध असलेल्या केशव तळपदे यांना मुंबई उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. अपील दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेले आणि एप्रिल 1943 मध्ये सर मॉरिस ग्वायर यांच्या पीठाने तो नियमच कायद्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. सरकारने लगोलग अध्यादेश काढून नियम सावरला. पुढे 1945 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दुसऱ्या प्रकरणात तळपदे निकाल चुकीचा ठरवला. जिंकूनही हाती फारसे न लागलेले असे हे अपील.

आज उच्च न्यायालयाच्या नकारानंतर अनुच्छेद 136 खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते. अनुच्छेद 32 खाली थेट दादही मागता येते. उच्च न्यायालयाचा नकार तिच्या आड येत नाही, हे गुलाम सरवर प्रकरणात 1967 मध्ये ठरले. मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने कोठडीत असलेल्यासाठी बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये महाराष्ट्रातल्याच तस्नीम सिद्दीकी प्रकरणात सांगितले. अधिकार असलेल्या न्यायालयाने शिक्षा ठोठावलेल्या कैद्याचा खरा मार्ग अपिलाचाच. हा फरक वेळेवर कोणी सांगितला नाही, तर भलत्याच याचिकेत महिने जातात आणि मुदत उलटते. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात जायला 30 दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात जायला साधारणपणे 60 दिवस. कैद्याला तुरुंग अधिकाऱ्यामार्फत, वकिलाविनाही अपील पाठवता येते.

ते लिहायला निकालाची नक्कल हातात हवी, आणि गाडे नेमके तिथेच अडते. शिक्षा झालेले कैदी माधव होस्कोट यांच्यासाठीची नक्कल उच्च न्यायालयाने येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. ती मिळालीच नाही, असे होस्कोट यांचे म्हणणे होते आणि पोच म्हणून त्यांची सही कुठेच नव्हती. सर्वोच्च न्यायालयात ते चार वर्षांहून अधिक उशिरा पोहोचले. 17 ऑगस्ट 1978 रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात नियम घालून दिला : नक्कल विनामूल्य व वेळेत द्यावी, कैद्याची लेखी पोच घ्यावी, गरजूला सरकारी खर्चाने वकील द्यावा. हरलेल्या माणसाने पुढच्यांसाठी एवढे मिळवून ठेवले.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीतील व्यक्ती आणि अनुसूचित जमातीची व्यक्ती, दोघांनाही मोफत वकिलाचा हक्क आहे. आहुपे किंवा हातवीजच्या महादेव कोळी, ठाकर कुटुंबातला माणूस येरवड्यात असेल, तर तो दोन्ही कारणांनी पात्र ठरतो. घरच्यांना मात्र डोंगर उतरून आधी घोडेगाव किंवा जुन्नर, मग पुणे, आणि उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागते.

म्हणून प्राधिकरणाने जुन्नर, घोडेगाव व राजगुरुनगरच्या न्यायालयांतून शिक्षा झालेल्या प्रत्येक कैद्याला नक्कल मिळाल्याची सही तपासावी, अपिलाची शेवटची तारीख मराठीत लिहून त्याच्या हातात द्यावी आणि तीच तारीख घरच्यांनाही कळवावी.