मुकादम नको, घड्याळ हवं

परवा आमच्या तिघांच्या ऑफिसात (म्हणजे दोन खोल्या आणि एक कुरकुरणारा पंखा) कडाक्याचं भांडण झालं. कारण काय, तर टाइम ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर. भागीदारसाहेब म्हणाले, "घ्यायचंच तर स्क्रीनशॉट काढणारं घेऊ. डोक्याला ताप नाही." कुणाच्या डोक्याला, ते आधी ठरवू या म्हटलं!

गैरसमज नको. वेळेची नोंद हवीच. मी नऊ वर्षं अंदाजपंचे बिलं केली. ज्या कामाचे कायम 30 तास लावायचे, ते पहिल्यांदा टायमर लावून केलं तेव्हा 52 भरले. इतकी वर्षं फुकट राबले ते वेगळंच.

पण टॉगल, हार्वेस्टच्या टायमरचं बटण मी दाबते, चुकलं तर मीच दुरुस्त करते. अपवर्कवर ताशी काम घेतलं तर सहसा दर दहा मिनिटांत एकदा पडद्याचा फोटो निघतो, कळा आणि क्लिक मोजले जातात. हाताने भरलेल्या तासांना तिथलं पैशांचं संरक्षण मिळत नाही. गिऱ्हाईक सातासमुद्रापार आणि अनोळखी असेल, तर हा सौदा एक वेळ समजू शकते. पण समोरच्या टेबलावर बसून आपल्या डब्यातली भाजी खाणाऱ्या मुलीवर हे बसवायचं?

आणि मोजणार तरी काय? मागच्या महिन्यातलं मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन मला भांडी घासताना सुचलं. तेव्हा माउस निपचित पडला होता.

1911 साली अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात टेलरसाहेबांच्या पद्धतीने स्टॉपवॉच लावून कामगारांना मोजायला सुरुवात झाली, तेव्हा ओतारी काम टाकून बाहेर पडले. 1915 मध्ये काँग्रेसने लष्कराच्या कारखान्यांत स्टॉपवॉचवर बंदी घातली. आपण मात्र तेच स्टॉपवॉच महिन्याची वर्गणी भरून आणायचं!

"लपवण्यासारखं काय आहे?" असं भागीदार विचारतात. सांगते. पूर्वी एका एजन्सीचं (नाव नको) काम करत होते. त्यांचं असंच सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर होतं. आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट मेलवर आला, मी उघडला, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजरने विचारलं, "आई बरी आहे ना?" बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तोवर मी दादालाही सांगितलं नव्हतं. (दादा, तू हे वाचतोयस, माहीत आहे. तेव्हा का सांगितलं नाही, ते भेटल्यावर बोलू.)

असो. सोमवारी पुन्हा बैठक आहे. मी भागीदारांना एवढंच कळवलंय की स्क्रीनशॉटवालं जरूर घेऊ, फक्त पहिला महिना ते तुमच्या लॅपटॉपवर चालेल आणि फोटो आम्ही दोघी बघू.

अजून उत्तर आलेलं नाही.