केबल तुटली, तरी क्लाउड बंद का पडला नाही?

६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दाहजवळ लाल समुद्राच्या तळाशी असलेल्या इंटरनेट केबल तुटल्या. त्यात मुंबईला येणाऱ्या दोन केबल होत्या: 'सी-मी-वी ४' आणि 'आयएमईडब्ल्यूई'. भारत, पाकिस्तान, यूएईमध्ये इंटरनेट मंदावलं. मायक्रोसॉफ्टने 'अझूर' क्लाउडच्या ग्राहकांना कळवलं की डेटा दुसऱ्या मार्गांनी वळवला आहे, पण वेळ जास्त लागेल.

म्हणजे सेवा संथ झाली, बंद पडली नाही. हे कसं जमलं?

तुमचे फोटो, मेल, कंपन्यांचे हिशेब क्लाउडवर एकाच ठिकाणी नसतात. एक डेटा सेंटर बंद पडलं तरी माहिती वाचावी म्हणून त्यांच्या प्रती वेगवेगळ्या शहरांत, कधी वेगवेगळ्या खंडांत ठेवतात. त्या प्रती जुळत्या ठेवायला डेटा सेंटर्समध्ये अखंड वाहतूक चालते.

जुन्या पद्धतीत प्रत्येक राउटर आपल्यापुरता सर्वांत जवळचा रस्ता निवडतो. सगळ्यांनी एक्स्प्रेसवेच धरावा आणि जुना हायवे मोकळा राहावा, तसं होतं. शिवाय केबल तुटली तर अडचण नको म्हणून लाइनची क्षमता साधारण ३०-४० टक्केच वापरायची. महागडी लाइन निम्म्याहून जास्त रिकामी!

२०१३ मध्ये गूगलने आपल्या 'बी४' नेटवर्कची माहिती प्रसिद्ध केली. त्यात संपूर्ण नेटवर्क एकाच वेळी पाहणारं सॉफ्टवेअर डेटा अनेक मार्गांवर वाटतं. काही लाइन जवळपास १०० टक्के भरून चालल्या. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'स्वॅन' मांडलं. चाचण्यांमध्ये तेवढ्याच लाइनवरून ६० टक्के जास्त वाहतूक गेली.

खरी युक्ती मात्र रस्ता शोधण्यात नाही, कोण थांबू शकतं हे ओळखण्यात आहे. तुम्ही मेल उघडताय, तुम्हाला थांबवता येत नाही. बॅकअपची प्रत तासाभराने पोहोचली तर कुणाला कळतही नाही. केबल तुटली की आधी बॅकअप अडवायचा, मग माणसांना वाट द्यायची.

पण सॉफ्टवेअर नसलेला रस्ता तयार करू शकत नाही. आशिया-युरोप जोडणाऱ्या बहुतेक केबल लाल समुद्र आणि इजिप्तमधूनच जातात. आफ्रिकेला वळसा घातला की अंतर वाढतं, वेळही वाढतो. आणि दुरुस्तीला जहाजच लागतं, शिवाय परवानगी. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनजवळ तुटलेल्या केबलची दुरुस्ती काही महिने रखडली होती.