जंतूंची उसनवारी

बंगळूरचा कर्नाटक अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९८१ साली स्थापन झाला. त्यात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा मोठा वाटा होता. हा पिंपरीचा कारखाना १९५४ सालचा. अशा कारखान्यांनी घरोघर पोहोचविलेली औषधे पुढे काही जंतूंवर चालेनाशी का होतात, हे वाचकांनी जाणून घेण्याजोगे आहे.

जंतूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएचे एक लहानसे, बहुधा वाटोळे कडे असू शकते. त्याला प्लास्मिड म्हणतात. औषध निकामी करण्याची विद्या पुष्कळदा याच कड्यावर लिहिलेली असते. दोन जंतू एकमेकांस चिकटले की एक जण कड्याची प्रत दुसऱ्यास देतो आणि स्वतःजवळचे कडेही राखतो! या उसनवारीला जातीचे बंधन नाही. आतड्यातील निरुपद्रवी जंतूही आमांशाच्या जंतूस हे कडे देऊ शकतो. जपानी शास्त्रज्ञांना ते १९५९च्या सुमारास आढळले. पुढे १९७२ साली केरळात, कालिकत येथे विषमज्वरावर तोवर हमखास गुणकारी असलेले क्लोरॅम्फेनिकॉल चालेना. तेथील जंतूंची प्रतिकारशक्तीही अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी निघाली.

आता आपण साध्या सर्दीत घेतलेल्या गोळीचा विचार करा. सर्दीच्या विषाणूला तिची बाधा होत नाही. आतड्यातील दुबळे जंतू मात्र मरतात आणि कडे बाळगणाऱ्यांना रान मोकळे मिळते. न धुतलेल्या हातांवरून, सांडपाण्यातून ते शेजारच्या घरी पोहोचतात. तेथील मुलाने ती गोळी कधी घेतलेलीही नसते.