शेजारधर्म आणि तेलवाहिनी

२०१८ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ६ तारखेस कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या मुख्यमंत्री रेचल नॉटली यांनी हुकूम काढला की, शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील वाइन यापुढे अल्बर्टाच्या सरकारी मद्यखात्याने मागवू नये. ओकानागन खोऱ्यात द्राक्षाचे मळे राखून पिढीजात कष्टाने वाइन करणारी जी कुटुंबे आहेत, त्यांनी तेलासंबंधी कोणताही ठराव केला नव्हता, कोणाची वाट अडवली नव्हती, किंबहुना त्यांचे उत्तम गिऱ्हाईक म्हणजे उन्हाळ्यात डोंगर ओलांडून येणारे अल्बर्टाचेच लोक होते. तरीही वर्षाकाठी सुमारे ७ कोटी डॉलरचा त्यांचा व्यापार एका हुकमासरशी अडकून पडला. १६ दिवसांनी हुकूम मागे घेतला गेला, परंतु तेवढ्या अवधीत एक गोष्ट स्पष्ट झाली. या तंट्यातील लोकांचा संताप खरा होता; तो ज्यांच्या दारी जाऊन उतरला ते मात्र अपराधी नव्हते. त्या संतापाची कैफियत न्याय्य मानून, त्याला भलत्या दाराकडे नेणाऱ्या युक्तिवादांचे खंडन करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

तंट्याचे मूळ ट्रान्स माउंटन या तेलवाहिनीत आहे. १९५३ साली सुरू झालेली ही वाहिनी अल्बर्टातील एडमंटनपासून रॉकी पर्वत ओलांडून सुमारे १,१५० किलोमीटर अंतर तोडते आणि व्हँकूव्हरला लागून असलेल्या बर्नबी येथे समुद्रास भिडते. दररोज ३ लाख पिंपे वाहणाऱ्या या वाहिनीशेजारी दुसरी वाहिनी घालून एकूण क्षमता ८ लाख ९० हजार पिंपांवर न्यावी, या योजनेस केंद्र सरकारने २०१६ च्या नोव्हेंबरात मंजुरी दिली. तिच्यामुळे बर्नबीच्या धक्क्यावर महिन्याकाठी येणाऱ्या तेलवाहू जहाजांची संख्या पाचांवरून ३४ पर्यंत जाणार होती. पुढल्या वर्षी ब्रिटिश कोलंबियात सत्तांतर झाले. हाती असलेले प्रत्येक साधन वापरून योजनेस विरोध करू, असे वचन देऊन आलेले जॉन हॉर्गन मुख्यमंत्री झाले आणि २०१८ च्या ३० जानेवारीस त्यांच्या सरकारने जाहीर केले की, पातळ केलेल्या बिट्युमेनची, म्हणजे अल्बर्टाच्या जड तेलाची, वाढीव वाहतूक आपण तूर्त रोखू इच्छितो. नॉटली आणि हॉर्गन हे दोघेही एकाच न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे. म्हणजे हा पक्षापक्षांतील हेवादावा नव्हता. एकाची उपजीविका आणि दुसऱ्याचा किनारा यांचा तो संघर्ष होता, आणि म्हणूनच तो गंभीरपणे घेतला पाहिजे.

अल्बर्टातील लोकांचा तेव्हाचा आक्षेप असा होता. तेलाचे भाव २०१४ नंतर कोसळले, माणसे घरी बसली, कॅलगरी शहराच्या मध्यभागी उंच इमारतींतील चतुर्थांशाहून अधिक कचेऱ्या ओस पडल्या; आमच्या प्रांताला समुद्र नाही, त्यामुळे आमचे जवळजवळ सारे निर्यातीचे तेल अमेरिका या एकाच गिऱ्हाइकाकडे जाते आणि ते गिऱ्हाईक सांगेल तो भाव आम्ही घेतो. २०१८ च्या शरद ऋतूत तर अमेरिकी तेलाच्या मानाने अल्बर्टाचे जड तेल पिंपामागे ४० डॉलरहून अधिक स्वस्त विकले जात होते. अशा वेळी ज्या योजनेस केंद्राची रीतसर मंजुरी आहे, ती शेजाऱ्याने केवळ स्वार्थापायी अडवावी, हा बंधुद्रोह नव्हे काय?

या कैफियतीतील दुःख शब्दशः खरे आहे. शेजाऱ्याचा हेतू स्वार्थी आहे हे अनुमान मात्र टिकत नाही. २००७ च्या जुलै महिन्यात बर्नबीतील एका वस्तीच्या रस्त्यावर सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असता खोदकामाच्या यंत्राचा फाळ याच जुन्या वाहिनीत घुसला. कच्च्या तेलाचा फवारा घरांच्या छपरांहून उंच उडाला, अंगणे, झाडे, भिंती आणि उभ्या मोटारी काळ्याकुट्ट झाल्या, सुमारे २५० माणसांना घर सोडावे लागले आणि दोन लाखांहून अधिक लिटर तेलापैकी काही गटारांच्या वाटेने बरार्ड खाडीत उतरले. ज्या बाईने आपल्या परसातील भाजीच्या वाफ्यावर ते तेल पडलेले पाहिले असेल, तिला तुझी भीती निराधार आहे असे कोणत्या तोंडाने सांगावे? शिवाय बिट्युमेन हा पदार्थ मुळात काकवीसारखा घट्ट. तो वाहता व्हावा म्हणून त्यात हलके द्रव मिसळतात. २०१० साली अमेरिकेतील कालामाझू नदीत तो सांडला तेव्हा हलका भाग उडून गेला, जड भाग तळाशी बसला आणि नदी साफ करण्यात वर्षे गेली. इकडे बर्नबीच्या धक्क्यापुढील समुद्रात ओर्का देवमाशांचा जो स्थानिक कळप आहे, त्याची संख्या पाऊणशेच्या आसपास उरली आहे. किनाऱ्यावरच्या लोकांची चिंता ही अशी प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींतून आलेली आहे.

तथापि भीती खरी आहे एवढ्यावरून नकाराधिकार सिद्ध होत नाही, आणि येथे दुसऱ्या पूर्वपक्षाचा समाचार घेणे प्राप्त आहे. ब्रिटिश कोलंबियातील अनेकांचे म्हणणे असे की, किनारा आमचा, धोका आमचा, तेव्हा शेवटचा शब्दही आमचाच असला पाहिजे. १८६७ च्या राज्यघटनेने एका प्रांतास दुसऱ्याशी जोडणारी कामे केंद्राच्या अखत्यारात ठेवली आहेत. याच ट्रान्स माउंटन वाहिनीच्या बांधकामातून उद्भवलेल्या एका दाव्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्वाळाही दिला होता. हॉर्गन सरकारने आपला प्रश्न स्वतःच प्रांताच्या अपील न्यायालयापुढे नेला, ही त्याच्या सचोटीची साक्ष होय. परंतु २०१९ च्या मे महिन्यात त्या न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने प्रांताविरुद्ध मत दिले, आणि २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने युक्तिवाद ऐकून त्याच दिवशी, तेही एकमताने, त्यावर शिक्कामोर्तब केले.

कायद्याहून मोठा मुद्दा नीतीचा आहे. ब्रिटिश कोलंबिया १८७१ साली कॅनडात सामील झाला तो एका अटीवर: पूर्वेकडून त्याच्यापर्यंत रेल्वे आणून द्यावी. ती रेल्वे प्रेअरीच्या विस्तीर्ण मैदानांतून, तेथील मूळ रहिवाशांना न विचारता, रॉकी पर्वत फोडून नेण्यात आली आणि १८८५ साली पुरी झाली; समुद्रकाठच्या या प्रांताचे अस्तित्वच इतरांच्या मुलुखातून आलेल्या वाटेवर उभे आहे. आजही बर्नबीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यास कच्चे तेल याच वाहिनीतून मिळते. पेट्रोलचा भाव लिटरला दीड डॉलरच्या पुढे गेला म्हणून व्हँकूव्हरचा जो मोटारवाला संतापतो, त्याच्या टाकीतील पेट्रोलदेखील डोंगरापलीकडच्या त्याच शेजाऱ्याच्या जमिनीतले असते. वाट घेतली त्याने वाट देण्याविषयी अटी घालाव्यात, कठोर अटी घालाव्यात. पण वाट हा आपला खाजगी बांध आहे असे म्हणू नये.

हेच माप अल्बर्टालाही लावले पाहिजे. वाइनचा बहिष्कार संपल्यावर तेथील विधिमंडळाने २०१८ च्या मे महिन्यात असा कायदा केला की, प्रांतातून बाहेर जाणाऱ्या तेलाचा आणि इंधनाचा नळ सरकारला हवा तेव्हा आखडता घेता यावा. पुढल्या वर्षी जेसन केनी यांच्या सरकारने तो अमलात आणला आणि फेडरल न्यायालयाने २०१९ च्या सप्टेंबरात त्यावर तात्पुरता मनाई हुकूम दिला. ज्या प्रांताने केंद्राच्या १९८० सालच्या ऊर्जा धोरणाविरुद्ध, आमच्या भूमीवरचा निर्णय दुसऱ्यांनी का घ्यावा, असे विचारत पीटर लॉहीड यांच्या नेतृत्वाखाली तेलाचे उत्पादन कमी केले, त्याला बर्नबीतल्या माणसाचा नेमका तोच प्रश्न परका वाटावा, हे खेदजनक आहे.

आता तिसरा आणि सर्वांत लोकप्रिय पूर्वपक्ष. दोन्ही प्रांतांतले कंटाळलेले लोक आणि त्यांच्यासह देशभरचा करदाता म्हणतो की, या साऱ्या सुनावण्या, सल्लामसलती आणि कोर्टकचेऱ्या यांनीच घात केला. सरकारने धाडस करून काम रेटले असते तर एव्हाना सर्व निकालात निघाले असते. वाहिनीची मालक असलेल्या किंडर मॉर्गन कंपनीने कंटाळून खर्च थांबवला, २०१८ च्या मे महिन्यात केंद्राने साडेचार अब्ज डॉलर देऊन वाहिनी विकत घेण्याचे ठरवले, आणि प्रारंभी ५.४ अब्ज डॉलरचा अंदाज असलेली योजना ३४ अब्जांच्या घरात गेली, हे आकडे पाहून कोणाचेही मन कडवट होईल.

पण दप्तर काय सांगते ते पाहावे. २०१८ च्या ३० ऑगस्टला, ज्या दिवशी कंपनीच्या भागधारकांनी विक्रीस संमती दिली त्याच दिवशी, फेडरल अपील न्यायालयाने योजनेची मंजुरी रद्द केली. वाहिनी बांधू नये असे त्या न्यायालयाने म्हटलेच नाही. त्याने दोन दोष दाखवले: एक, तेल जहाजात चढल्यानंतर समुद्रावर जे घडेल त्याचा विचार तपासणीतून विनाकारण वगळला, आणि दोन, बरार्ड खाडीकाठचे स्लेल-वॉटुथ, आपल्या भूजलाची काळजी वाहणारे कोल्डवॉटर आणि त्यांच्यासारख्या मूळ रहिवासी समाजांशी सल्लामसलतीच्या शेवटच्या टप्प्यात सरकारची माणसे बोलायला आली खरी, पण बहुतांशी टिपणे घेऊन परत गेली. सरकारने दोन्ही कामे पुन्हा केली. त्यास किती काळ लागला? २०१९ च्या १८ जूनला नवी मंजुरी निघाली. म्हणजे दहा महिनेसुद्धा नव्हेत. आणि त्या मंजुरीवर पुन्हा दावे झाले तेव्हा त्याच न्यायालयाने २०२० च्या फेब्रुवारीत ते फेटाळले.

हा माझ्या प्रतिपादनाचा कणा आहे. जे काम मनापासून केले ते दहा महिन्यांत झाले आणि न्यायालयात टिकले. जे उरकून टाकले ते पाच वर्षांच्या खटाटोपासह कोसळले. खर्चवाढीस महागाई, साथ, पूर आणि पर्वतातील खडतर बांधकाम ही कारणेही आहेत, परंतु विलंबाचा जो भाग माणसांच्या हातचा होता, तो प्रश्न विचारल्यामुळे ओढवला नाही, वेळेवर न विचारल्यामुळे ओढवला. मूळ रहिवासी समाज हे केवळ विरोधक होते असेही नव्हे. चाळीसहून अधिक समाजांनी कंपनीशी लाभाचे करार केले होते. होकार देणारे आणि नकार देणारे दोघेही आपापला हिशेब समजून बोलत होते. दोघांनाही पुरते ऐकून घेणे हे सरकारचे कर्तव्य होते.

मंडन करावयाचे ते एवढेच. आंतरप्रांतीय वाटेचा अधिकार केंद्राकडे असावा, हे योग्य आहे; पण ज्याच्याकडे अधिकार त्याच्याकडेच ऐकण्याचा भार असतो, आणि तो भार टाळून दोन प्रांतांना एकमेकांवर सोडणे हा शासनाचा मार्ग नव्हे. ज्याच्या दारावरून वाट जाते त्यास नकाराधिकार नसेल तर त्याचे प्रश्न मंजुरीआधी, जमिनीइतकेच समुद्राचेही मोजमाप करून, सुटले पाहिजेत. अपघात झाला तर भरपाई कोण देणार हे नळ पुरण्यापूर्वी लिहून ठेवले पाहिजे. तेल जाळल्याने बदलणाऱ्या हवामानाचा प्रश्न या सर्वांहून मोठा आहे, परंतु तो सबंध राष्ट्राने सोडवावयाचा आहे. एका नळाच्या परवान्यात तो कोंबला तर ना हवा सुधारते, ना शेजार टिकतो. आणि नागरिकांनी आपला राग जपून ठेवावा, फक्त त्याचा रोख बदलावा: डोंगरापलीकडच्या माणसास खलनायक ठरवण्याऐवजी, तुम्ही त्याला कधी विचारले, असा जाब आपल्याच राज्यकर्त्यांना विचारावा.

२०२४ च्या १ मे रोजी नवी वाहिनी सुरू झाली. बर्नबीच्या धक्क्यावरून भरलेली जहाजे आता सेकंड नॅरोज पुलाखालून समुद्राकडे जातात, आणि कॅलगरीच्या दुकानांत ओकानागनची वाइन पूर्ववत मिळते. पुलाखालून जाणारे प्रत्येक जहाज अल्बर्टाने कमावले तसे किनाऱ्याने सोसलेलेही आहे. पुढल्या वेळी असा नळ, तार किंवा रेल्वे नेण्याचा मसुदा निघेल तेव्हा तो घेऊन कोणीतरी आधी त्या खाडीकाठी जाऊन बसावे आणि केवळ टिपणे घेऊन परतू नये.