मैफल पुन्हा शिजवताना

डीप पर्पल या बँडच्या ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बममध्ये दोन गाण्यांच्या मधे एक जागा आहे, तिथे मला दर वेळी हसू येतं. गायक इयन गिलन रंगमंचावरून साउंडवाल्याला सांगतो, की प्रत्येक गोष्ट बाकीच्या प्रत्येक गोष्टीपेक्षा मोठ्याने ऐकू येऊ दे. श्रोत्यांच्या लेखी तो विनोद. मी मात्र चाळीस वर्षं नाटकांच्या आणि ऑर्केस्ट्रांच्या साउंडवर काढली आणि त्या चाळीस वर्षांत मला कोणी दुसरं काही सांगितलंच नाही. ऑर्गनवाला म्हणतो ऑर्गन दबतोय, ढोलकीवाल्याला स्वतःचीच ढोलकी ऐकू येत नाही, गायिका मॉनिटरकडे बोट दाखवून भुवया उडवते. सगळ्यांचं ऐकत गेलं की माइक शिट्टी मारतो आणि मग तेच सगळे वळून तुमच्याकडे बघतात.

तर २०२५च्या ऑगस्टनंतर एका रविवारी भाचा घरी आला, माझ्या डोक्यावर त्याचा भलामोठा हेडफोन चढवला आणि म्हणाला, “मामा, आता ऐक. नवीन रीमास्टर आलाय.” मी ‘हायवे स्टार’ पूर्ण ऐकलं. ड्रम स्वच्छ होते. बेसच्या तारेवरचं बोट दिसेल इतकं जवळ आलं होतं. गाणं संपल्यावर मी त्याला म्हटलं, “बाळा, हा रीमास्टर नाही. हा रीमिक्स आहे.” तो म्हणाला, “एकच ना?”

हा लेख त्या ‘एकच ना’साठी आहे.

आधी मूळ गोष्ट. १९७२च्या ऑगस्टमध्ये हे पाच ब्रिटिश जपानात गेले. १५ आणि १६ तारखेला ओसाकात, १७ला तोक्योच्या बुदोकानमध्ये. लाइव्ह रेकॉर्ड काढावी ही हौस जपानी कंपनीची होती, बँडला त्यात फारसा रस नव्हता. त्यांची एक अट होती, की रेकॉर्डिंग आमचाच माणूस करणार. तो माणूस मार्टिन बर्च. हातात आठ ट्रॅकचं यंत्र. म्हणजे ड्रम, बेस, रिची ब्लॅकमोरची गिटार, जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, गिलनचा गळा आणि समोरची गर्दी हे सगळं आठ पट्ट्यांत बसवायचं. आज गणपतीतला बरा ऑर्केस्ट्रावालासुद्धा बत्तीस चॅनेलच्या खाली बोलत नाही. त्यात लॉर्ड आपला ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्पमधून वाजवणारा माणूस. ऑर्गन आणि गिटार एकाच जातीच्या आवाजात एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि ते भांडण आठ ट्रॅकवर वेगळं राखायचं! बर्चने ते राखलं. एका कानात हॅमंड, दुसऱ्या कानात गिटार, मधे बाकीचे तिघं. लंडनला परतल्यावर मिक्सिंगला बँडमधले दोघेच बसले, बेसवाला रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमर इयन पेस. डिसेंबरात डबल अल्बम बाहेर आला. सात गाणी, सुमारे ७६ मिनिटं.

त्या काळी आम्ही याला हेवी मेटल म्हणायचो. आताचे जाणकार ‘हार्ड रॉक’ म्हणून दुरुस्ती करतात. करोत.

माझ्याकडे तो अल्बम १९७९ साली आला, चुलत चुलत्याच्या पेटीतून. चुलता बोटीवर होता. त्याची रेकॉर्ड त्याने हातात दिली नाही, पण कॅसेटवर उतरवून दिली, आणि ती कॅसेट होती साठ मिनिटांची. त्यामुळे माझ्या ‘मेड इन जपान’मध्ये पेसचा ड्रम सोलो रंगात यायच्या आतच पहिली बाजू संपायची आणि दुसऱ्या बाजूला ‘स्पेस ट्रकिन’ नवव्या मिनिटाला खट् करून तुटायचं. ते गाणं वीस मिनिटांचं आहे हे मला पुढे सहा वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, जपानात वीज गेली.

या एका अल्बमच्या पुढे किती आवृत्त्या निघाल्या! १९९३मध्ये तीन सीडींचा संच आला, त्यात तिन्ही रात्रींचा बराचसा भाग नव्याने मिक्स केलेला. पंचवीस वर्षं झाली म्हणून १९९८मध्ये रीमास्टर, सोबत मूळ रेकॉर्डमध्ये नसलेली शेवटची वन्समोअरची गाणी. २०१४मध्ये तिन्ही रात्री, पूर्ण. आणि आता स्टीव्हन विल्सनचा मिक्स, चारी बाजूंनी घुमणाऱ्या डॉल्बी ॲटमॉसमध्येसुद्धा. ओसाकात ते वाजत होतं तेव्हा विल्सन चार वर्षांचा होता. माणूस कसबी आहे, त्याबद्दल तक्रार नाही, आणि रीमिक्सला तो रीमिक्सच म्हणतो. पण दुकानात, फोनवरच्या ॲपमध्ये आणि माझ्या भाच्याच्या तोंडी या सगळ्याला एकच शब्द आहे, रीमास्टर.

फरक सांगतो. मिक्सिंग म्हणजे आमटी करणं. डाळ किती, चिंच किती, गूळ किती. ऑर्गन किती, गळा किती, टाळ्या किती. मास्टरिंग म्हणजे झालेल्या आमटीला वरून फोडणी. रीमास्टर करणारा जुनी आमटी घेतो आणि नवी फोडणी देतो. बिघडवली तरी आमटी मूळचीच राहते. रीमिक्स करणारा मात्र डाळीपासून सुरुवात करतो. त्याला आठही ट्रॅक सुटे मिळतात. तो पेसला पुढे आणू शकतो, जपानी पोरांना मागे ढकलू शकतो, लॉर्डचा ऑर्गन डावीकडून उजवीकडे नेऊन ठेवू शकतो. चव उत्तम येईलही, पण आचारी बदललेला असतो.

फोडणीही जळू शकते. नव्वदीनंतर सीडी काढणाऱ्यांमध्ये आपलीच सीडी सगळ्यांत मोठी वाजावी अशी चढाओढ लागली. हळू आवाज वर खेचायचा, मोठा आवाज वरून दाबायचा, सगळं छताला चिकटवायचं. ‘चाइल्ड इन टाइम’ घ्या. बारा मिनिटांचं गाणं. सुरुवातीला ऑर्गन इतका हलका, की हॉलमधली शांतता ऐकू येते. तेव्हाचा जपानी श्रोता गाणं चालू असताना बोलायचा नाही, म्हणून ती शांतता टेपवर आहे. मग गिलनचा गळा पायरी पायरीने वर जातो आणि शेवटी किंकाळीला पोचतो. ती किंकाळी मोठी वाटते, कारण आधीची पाच मिनिटं लहान होती. सुरुवातच वर खेचलीत तर चढायला जिना कुठे राहिला?

माझा या विषयावर जीव का जळतो, त्याचं कारण ओसाकात नाही, गिरगावात आहे. १९८४ साली एका चाळीच्या हॉलमध्ये नाट्यसंगीताची बैठक होती, ती मी माझ्या कॅसेट रेकॉर्डरवर घेतली. दोन माइक. खाली रस्त्यावर बसचे हॉर्न, पहिल्या रांगेत एक आजोबा प्रत्येक समेला “क्या बात!” म्हणणारे, खिडकीत पंखा. काही वर्षांपूर्वी गायकाच्या घरच्यांनी ती कॅसेट मागितली आणि एका स्टुडिओकडून ‘स्वच्छ’ करून घेतली. सीडी मला प्रेमाने आणून दिली. लावली. पंखा गेला होता. हॉर्न गेले होते. आजोबा अर्धे गेले होते, नुसतं “क्या” उरलं होतं. आणि तानपुरा? तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याचा तो गुंजता झंकार, गेली होती. घरच्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. ते मशीन काय करतं, सतत एकसारखा येणारा आवाज हुडकतं आणि त्याला खरखर समजून पुसतं. पंखा सतत, तानपुराही सतत. मशीनच्या लेखी दोघं भाऊभाऊ. गायक बिचारा पोकळीत गात होता.

तेव्हापासून ‘नवं, स्वच्छ केलेलं’ असं वेष्टणावर दिसलं की मी आधी विचारतो, काय पुसलंत? लॉर्डच्या हॅमंडची घरघर आणि मार्शलची सूं ही त्या बँडची जवारी आहे. गाण्यांच्या मधे ती कानावर पडते म्हणून पुढचा तडाखा कुठून येणार ते कळतं.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोवळं असा नाही. सत्तरीतल्या लाइव्ह रेकॉर्डींमध्ये कारागिरी भरपूर होती. ज्युडास प्रीस्टची ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ १९७९ची, तीही तोक्योतलीच. गायक रॉब हॅलफर्डने त्यातलं गाणं नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन घातलं. चावट लोक तिला ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’ म्हणतात. थिन लिझीच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’वरून तर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी आणि बँडवाले यांचं एकमत कधी झालंच नाही. व्हिस्कॉन्टी म्हणाला बहुतेक काम स्टुडिओत झालं, बँड म्हणाला बहुतेक रंगमंचावरचंच आहे. ब्लॅक सॅबथची तऱ्हा त्याहून वेगळी. त्यांच्या १९७३च्या मैफलींची ‘लाइव्ह ॲट लास्ट’ १९८०मध्ये बाजारात आली ती त्यांच्या परवानगीशिवाय. पुढे २००२मध्ये ‘पास्ट लाइव्ह्‌ज’मध्ये त्यांनी तीच गाणी अधिकृतपणे काढली. डागडुजी तेव्हाही होती, चोरीही होती. हॅलफर्डचं मला वाईट वाटत नाही. बसलेल्या घशाच्या नटासाठी मीही आयत्या वेळी टेपवरचं गाणं सोडलेलं आहे. प्रेक्षकांना कळलं नाही, पण रात्री निर्मात्याच्या वहीत मी ते लिहून ठेवलं.

मागणी तेवढीच आहे, वहीत लिहा. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते छापतात, लोणच्याच्या बरणीवर छापतात. मैफलीच्या रेकॉर्डवरही छापा: कुठल्या रात्रीचं, मूळ मिक्स कोणाचा, त्याला हात लावला की नाही, लावला तर कोणी, नंतर काय गाऊन घातलं, काय पुसलं. चार ओळी पुरतात. आणि नवा मिक्स काढताना जुना बाजारातून काढून घेऊ नका. ॲपवर एकच आवृत्ती दिसली की माझ्या भाच्याच्या वयाची मुलं तीच १९७२ची रात्र समजणार. मार्टिन बर्च २०२०मध्ये गेला. पुढे त्याने आयर्न मेडनच्या, ब्लॅक सॅबथच्या रेकॉर्डी केल्या, पण ओसाकातल्या त्या आठ ट्रॅकवर त्याने कोणाचं ऐकलं आणि कोणाचं ऐकलं नाही, हे त्या मूळ मिक्समध्येच आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

पूर्ण रात्री छापल्या याबद्दल मात्र मी कंपन्यांचा ऋणी आहे. मूळ अल्बम ही निवड होती. बरीचशी गाणी ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची, दोन बुदोकानची. ज्युदोसाठी बांधलेला तो अवाढव्य हॉल, तिथे आवाज बांधून ठेवणं अवघड. पहिल्या रात्रीचं फक्त एक गाणं घेतलं, ‘स्मोक ऑन द वॉटर’. कारण ऐका. ज्या चार सुरांवर जगभरातली पोरं गिटार शिकतात, ती सुरुवात ब्लॅकमोरने तीन रात्रींत फक्त पहिल्याच रात्री सरळ वाजवली. उरलेल्या दोन रात्री त्याच सुरांची वाट बघणाऱ्या हजारो लोकांसमोर तो तिच्याशी खेळत बसला. हे मला चाळीस वर्षं ठाऊक नव्हतं. भाच्याला मी सगळ्यांत आधी त्या दोन रात्री ऐकवल्या. तो म्हणाला, “चुकला का?” मी म्हटलं, कंटाळला असेल. नाटकाच्या तीनशेव्या प्रयोगाला नट असंच करतात, आणि प्रॉम्प्टरला घाम फुटतो.

मग त्याने हेडफोन स्वतःकडे घेतला, मी माझ्या जुन्या स्पीकरवर मूळ मिक्स लावला. ‘स्पेस ट्रकिन’ सुरू झालं. लॉर्ड ऑर्गनवर काहीतरी भलतंच शोधत निघाला. नववं मिनिट आलं, आणि पंचेचाळीस वर्षांच्या सवयीने माझा हात कॅसेट उलटायला पुढे गेला.