सुटका झाली, कागद कोण सोडवणार?

आपल्या मोहल्ल्यात कोणी जेलमधून सुटून आला की काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. हार घातले जातात, मिठाई वाटली जाते, उर्दू अखबारात फोटो येतो, चार पुढारी गळाभेट घेऊन जातात. आठ दिवसांत सारे शांत होते. मग तो माणूस रेशनकार्डात नाव परत घालण्यासाठी तहसील कचेरीच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्यासोबत कोणी नसते. आमचे भांडण आहे ते या एकटेपणाशी.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वकील नाही. पण मोहल्ल्यात मराठी लिहिणारा माणूस म्हणजे मास्तर, म्हणून लोक अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे येतात. या अर्जांतून आम्हाला एक गोष्ट स्पष्ट दिसली. न्यायालय माणसाला निर्दोष ठरवते, पण त्याचे हक्क त्याच्या हातात परत देण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही. सरकारकडे त्यासाठी खाते नाही आणि आपल्या तंजीमांकडे सवड नाही.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मारली गेली. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला मालेगावात स्फोट झाले. मालेगावच्या खटल्यात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ च्या एप्रिलमध्ये आरोपमुक्त केले. लोकल स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एकजण निकालापूर्वीच कैदेत वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत जेलमध्ये जावे लागणार नाही, असेही सांगितले. स्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांनाही न्याय मिळालेला नाही, हे आम्ही विसरत नाही. भलत्याला डांबले की खरा गुन्हेगार सुटतो. म्हणजे अन्याय दोघांवरही होतो.

आता एकोणीस वर्षांचा हिशेब करा. २००६ मध्ये आत गेलेल्या माणसाजवळ रेशनकार्ड होते, निवडणूक ओळखपत्र होते, फार तर पॅनकार्ड. तो आत असताना, २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बदलल्या. पॅन आधारला जोडायचे झाले, बँक मोबाइलमध्ये गेली, प्रत्येक अर्जाला ओटीपी आला. बाहेरच्यांनी हे बदल एकेक करून पचवले. सुटलेल्याने ते पहिल्याच महिन्यात पचवावेत अशी आपली अपेक्षा आहे काय?

कागदांची वाट कशी असते ते सांगतो. पहिली गोष्ट निकालाची प्रमाणित प्रत. वर्तमानपत्राचे कात्रण कोणतीही कचेरी घेत नाही. निर्दोष सुटलेल्यालाही वरच्या कोर्टात हजर राहण्याची हमी म्हणून सहा महिन्यांचे बंधपत्र द्यावे लागते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ अ खाली होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८१ खाली आहे. आधी जामीन राहिलेल्या मामूंच्या किंवा शेजाऱ्याच्या रेशनकार्डावर कोर्टाचा शिक्का असतो. तो जामीन रद्द करून घेतला नाही तर त्या बिचाऱ्याचे कार्ड अडकून राहते. जप्तीत गेलेला पासपोर्ट, पदवीचे कागद, मोबाइल यांसाठी पंचनाम्याची प्रत जोडून कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो. मागितल्याशिवाय मुद्देमाल कोणी घरी आणून देत नाही.

मग येतो नावाचा घोळ. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, मतदार यादीत महंमद, बँकेत मो. आणि आरोपपत्रात पोलिसांनी गल्लीतले टोपणनाव ‘ऊर्फ’ म्हणून चिकटवलेले. तेच निकालपत्रात उतरते. मग बँकेचा बाबू म्हणतो, हा माणूस तुम्हीच कशावरून? दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करा, असे सांगून त्याला परत पाठवले जाते. आणि खाते? दोन वर्षे व्यवहार नसला की ते निष्क्रिय होते. दहा वर्षांनंतर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. ती बुडत नाही, बँकेमार्फत परत मागता येते. पण हे त्याला सांगायचे कोणी?

रेशनकार्डाचे दुखणे तर घरच्यांच्या ताटाशी जोडलेले आहे. कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी मागितली गेली. जो आत आहे त्याचा अंगठा बायकोने कुठून आणायचा?

मताचा अधिकार घ्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे कैदेत असलेल्याला, मग तो कच्चा कैदी का असेना, मत देता येत नाही. पण तेवढ्यासाठी त्याचे नाव यादीतून काढता येत नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. जामिनावर असलेला मत देऊ शकतो आणि शिक्षा भोगून आलेलाही देऊ शकतो. निवडणूक लढवण्यावरची बंदी वेगळी आहे. ती दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यांना सुटकेनंतर सहा वर्षे लागू राहते, काही गुन्ह्यांत शिक्षा कमी असली तरी. प्रत्यक्षात घरी माणूस सापडला नाही की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडून नाव उडते आणि सुटलेला माणूस नमुना ६ भरून नवा मतदार होतो, तेही त्याला नमुना ६ माहीत असला तर. आपल्याकडे तर ‘जेल झाली म्हणजे मत गेले’ असा समज पक्का आहे, आणि सुशिक्षितही तो पसरवतात.

पासपोर्टचेही तसेच. खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, पण १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने तो मिळू शकतो. निर्दोष सुटल्यावर तर ती अडचणही उरत नाही. परंतु पोलीस ठाण्याच्या नोंदीत निकाल चढलेला नसला की पडताळणीत जुना गुन्हा ‘प्रलंबित’ दिसतो. म्हणून निकालाची प्रत ठाण्यात द्यायची आणि पोच घ्यायची. पोच नसेल तर दिलेला कागद दिलाच नाही असे समजावे.

सरकारने या माणसांना काय दिले? १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या रुदुल साह यांना, निर्दोष ठरल्यानंतरही चौदा वर्षे डांबल्याबद्दल, एकूण ३५,००० रुपये देवविले. पण तो नियम झाला नाही. अक्षरधाम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच १६ मे २०१४ रोजी सहा जणांना निर्दोष सोडले, मात्र २०१६ मध्ये त्यांची भरपाईची मागणी ऐकली नाही. चुकीच्या खटल्यांत भरपाई देणारा कायदा करा, असे विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात सांगितले. तसा कायदा झालेला नाही.

पैसे नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये मासिक मानधन सुरू केले, २०२० मध्ये ते बंद झाले, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. आमचा त्याला विरोध नाही. अन्यायाने कोंडलेल्याचे राज्य देणे लागते, हे तत्त्व त्यातून सरकारनेच मान्य केले आहे. बंदूक टाकून शरण येणाऱ्या नक्षलवाद्यासाठी २००५ पासून पुनर्वसनाची योजना आहे. तीही असावी. पण ज्याच्या हातात बंदूक कधी नव्हतीच असे न्यायालय म्हणते, त्याच्यासाठी साधी एक खिडकी का नाही?

आता आपल्या बिरादरीकडे वळू. जमियत उलमाच्या कायदेविषयक कक्षाने अशा खटल्यांत वकील दिले, वर्षानुवर्षे खर्च केला, हे ऋण मोठे आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो. पण आपल्या बहुतेक तंजीमांच्या लेखी निकाल लागला की फाइल बंद. तंजीमनेच अंग काढल्यावर मोहल्ला तरी काय करणार? घर भाड्याने देताना, मुलीचे स्थळ आले असता, दुकानात नोकर ठेवताना आपणच हळू आवाजात विचारतो, ‘कुछ तो किया होगा?’ पोलिसांच्या तपासावर आपण जाहीर सभेत अविश्वास दाखवतो आणि घरात त्याच तपासावर विश्वास ठेवतो. हा ढोंगीपणा नाही तर काय?

काहीजण म्हणतात, अशांच्या भानगडीत पडलो तर आपल्यामागे चौकशी लागेल. अर्ज लिहून देणे हा गुन्हा नाही. आणखी काही म्हणतात, निर्दोषांचे ठीक आहे, पण चोरी-मारामारी करून शिक्षा भोगलेल्यांचे काय? त्यांचेही तेच. शिक्षा न्यायालयाने ठरवली तेवढी, तिच्यावर आपण आणखी वर्षे का चढवावीत? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी होते. म्हणजे हा प्रश्न दोन-चार गाजलेल्या खटल्यांचा नाही. तो प्रत्येक वस्तीत आहे.

काम अवघड नाही. ज्या तंजीमने वकील दिला तिने कागद पुरे होईपर्यंत फाइल उघडी ठेवावी. कैदेत असलेल्याला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. बाहेर आल्यावर पुरुषांना बहुधा उत्पन्नाची अट लागते. म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज सुटकेआधीच जावा. उर्दू शाळांनी जनरल रजिस्टर पाहून शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी द्यावा, कारण पुढचे पुष्कळ कागद त्यावरच उभे राहतात. वर्गात बाप जेलमध्ये असलेले मूल असेल, तर ‘वडिलांची सही आण’ असे चारचौघांत न म्हणता आईची सही चालवावी. मशिदीच्या कमिटीने आठवड्यातून एक संध्याकाळ, एक टेबल आणि एक लिहिणारा द्यावा.

तो लिहिणारा कोण? घरात उर्दू, कचेरीत मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये अडकलेला माणूस. मुसलमानाने मराठीत लिहावे असे आपण संमेलनांतून सांगत आलो. या अंकाचे वाचक ते करू शकतात. ज्यांना मराठीत कविता लिहिता येते त्यांना तहसीलदाराला अर्जही लिहिता येतो. तो लिहून द्यावा, सोबत रांगेत उभे राहावे आणि पोच घेऊनच परतावे.