विश्लेषण : मानसिक आरोग्यासाठी कंपन्यांचा पुढाकार धावड्यापर्यंत कसा पोहोचेल?

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळला जातो. मुंबई-पुण्यातील कंपन्यांत त्या दिवशी व्याख्याने होतात, योगसत्रे होतात, कर्मचाऱ्यांना समुपदेशकाचा क्रमांक दिला जातो. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावात मात्र गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असलेली माणसे थोडी. तरीही गावाचे कंपन्यांशी नाते रोजचे आहे. बियाणे कंपनीचे, खत आणि औषध कंपनीचे, गटाच्या कर्जाचा हप्ता फायनान्स कंपनीचा आणि एखाद्या घरातला मुलगा जालन्याच्या कारखान्यात. त्यामुळे मानसिक आरोग्यासाठी उद्योगांनी काय करावे, हा प्रश्न शहरातल्या कार्यालयांपुरता राहत नाही.

प्रश्न किती गंभीर आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातील २२,७४६ महाराष्ट्रातल्या असून ही संख्या राज्यांमध्ये सर्वाधिक होती. शेती क्षेत्रातील ११,२९० आत्महत्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रात झाल्या. त्यात शेतकरी आणि शेतमजूर दोन्ही येतात. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. कर्ज, नापिकी, आजारपण, घरातील ताण, व्यसन आणि उपचार न झालेले नैराश्य एकमेकांत गुंतलेले असतात.

उपचारांचे चित्रही बिकट आहे. बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, मानसिक विकार असलेल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले. हे प्रमाण विकारानुसार बदलते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात एकही नसल्याने जालन्यात ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयाला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

कंपन्यांचा यात फायदा काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. त्यातून होणारे नुकसान एक लाख कोटी डॉलरच्या घरात आहे. संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कर्मचाऱ्याला ताण सहन करायला शिकवण्याबरोबरच कामाचा बोजा, पाळ्या आणि वरिष्ठांची वागणूक बदला, हा त्यातला मुख्य मुद्दा आहे.

हा मुद्दा किती महत्त्वाचा, हे कॅनडात दिसले. तेथील ‘बेल’ या दूरसंचार कंपनीने २०१० मध्ये ‘बेल लेट्स टॉक’ ही मोहीम सुरू केली. ठरलेल्या दिवशी ग्राहकांनी केलेल्या प्रत्येक संदेशामागे पाच सेंट मानसिक आरोग्यासाठी दिले जात. मोहिमेमुळे देशभर या विषयावर उघड बोलले जाऊ लागले. मात्र २०१७ मध्ये याच कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांनी विक्रीच्या उद्दिष्टांचा ताण असह्य होत असल्याचे ‘सीबीसी’ या वृत्तसंस्थेला सांगितले. देणगी आणि रोजचा कारभार यांत अंतर पडले की मोहिमेची विश्वासार्हता कमी होते.

महाराष्ट्रात कोणता प्रयोग उपयोगी ठरला?

विदर्भात टाटा ट्रस्टच्या आर्थिक पाठबळावर ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. ते घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलत, त्रासातल्या माणसाला धीर देत आणि गरज पडल्यास समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवत. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. कार्यक्रमानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये प्रसिद्ध झाले.

‘आत्मीयता’ हा दुसरा प्रयोग. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात त्याची सुरुवात झाली आणि पुढे गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. मेहसाण्यातील कामाला ‘मॅरिको’चे संस्थापक हर्ष मारीवाला यांच्या ‘मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’ने निधी दिला. गावातलेच स्वयंसेवक त्रासातल्या माणसाचे ऐकून घेतात. त्याचबरोबर निवृत्तिवेतन, रोजगार हमी अशा योजनांचा लाभ मिळवून देण्यासही मदत करतात. गावातला ताण अनेकदा पैशाशी बांधलेला असतो, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

दोन्ही प्रयोगांत कंपनीचा वा उद्योजकाचा पैसा इमारतीत न जाता गावातल्या प्रशिक्षित माणसावर खर्च झाला. धावड्यातल्या रुग्णाला जालन्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून गावातला माणूस तयार होणे महत्त्वाचे ठरते.

धावड्यात कंपनीचा संबंध नेमका कुठे येतो?

पहिली जागा कृषी सेवा केंद्र. कापूस, सोयाबीन, मका आणि मिरचीच्या या पट्ट्यात बियाणे, खत आणि औषध अनेकदा उधारीवर येते. पीक गेले की उधारी थकते आणि शेतकरी दुकानाकडे फिरकणे टाळतो. ही चाहूल दुकानदाराला डॉक्टरच्या आधी लागते. कंपन्या विक्रेत्यांना मालाची माहिती देण्यासाठी मेळावे घेतातच. त्यात खचलेला माणूस ओळखणे, त्याच्याशी बोलणे आणि मदतीचा क्रमांक देणे यासाठी एक तास ठेवता येईल. अतिघातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर श्रीलंकेत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. त्यामुळे कमी घातक पर्याय देणे, हाही कंपन्यांच्या जबाबदारीचा भाग ठरतो.

दुसरी जागा बीजोत्पादन. जालना हे बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ स्थापन केली. जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात शेतकरी शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी भाजीपाल्याचे बियाणे तयार करतात. बियाणे दिल्यानंतर उगवण आणि शुद्धतेच्या चाचण्या होतात, मग पैसे मिळतात. लॉट नापास झाला तर हंगामाची मेहनत वाया जाते. पैशांची तारीख लेखी देणे, चाचणीचा अहवाल मराठीत दाखवणे आणि फेरतपासणीची सोय ठेवणे यासाठी समुपदेशक लागत नाही. पण अनिश्चिततेचा ताण त्यानेच कमी होतो.

तिसरी जागा कर्जवसुली. मायक्रोफायनान्सचे कर्ज बहुधा महिलांच्या नावावर असते आणि एकीचा हप्ता चुकला की सगळा गट तिच्याकडे बघतो. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या नियमांनुसार कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाता कामा नये. सकाळी ९ च्या आधी आणि सायंकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करणे, धमकावणे किंवा अपमान करणे यांस मनाई आहे. हे नियम पाळणारी कंपनी मानसिक आरोग्यासाठी मोठे काम करते. वसुली करणारा तरुणही उद्दिष्टाच्या ताणाखाली असतो, हे विसरून चालणार नाही.

चौथी जागा जालन्याची एमआयडीसी. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत भट्टीसमोर काम चालते आणि कंत्राटी व परप्रांतीय कामगारांची संख्या मोठी आहे. कार्यालयातल्या लोकांसाठीची समुपदेशन सेवा या कामगारांना लागू होते का, हा खरा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातील बांधकाम क्षेत्रात २००८ पासून ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ या उपक्रमात कामगारांनाच सहकाऱ्यांना आधार देण्याचे प्रशिक्षण मिळते. तसे येथेही करता येईल.

पैसा कुठून येणार?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. आरोग्यसेवा त्यात येते आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे चालणारा प्रकल्पही हाती घेता येतो. एका दिवसाच्या शिबिरापेक्षा ही मुदत महत्त्वाची. लोक मनातले बोलायला वेळ घेतात आणि विश्वास बसेपर्यंत प्रकल्प गुंडाळला गेला, तर पुढच्या माणसासाठी दार बंद होते.

सरकारची जबाबदारी संपते का?

नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १८ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. राज्याने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्यांवर घरोघरी विचारपूस करण्याचे काम सोपवले गेले. कंपनीने समांतर यंत्रणा उभारण्यापेक्षा आशांचे प्रशिक्षण, मानधन आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील समुपदेशक यांना हातभार लावला, तर निधी संपल्यावरही काम टिकते.

त्यामुळे येत्या १० ऑक्टोबरला एखाद्या कंपनीचा फलक दिसला, तर दोन गोष्टी विचारायला हव्यात. निधी गावातल्या माणसापर्यंत किती वर्षे पोहोचणार? आणि ती कंपनी पैसे वेळेवर देते का, वसुली माणुसकीने करते का? पहिल्याचे उत्तर अहवालात मिळेल, दुसऱ्याचे धावड्याच्या पारावर.

मदत कुठे मिळेल? ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते. मराठीत बोलता येते. स्वतःला किंवा जवळच्या व्यक्तीला त्रास होत असेल तर फोन करण्यास संकोच करू नये.